बाबांना घेऊन ये, म्हणे!

काल ठाण्यात नौपाड्यातल्या एका बँकेतून बाहेर पडले तेव्हा कानशिलं तापली होती, अजून निवलेली नाहीत.

स्वतःच्या नावाचं बचत खातं उघडायला आधी मी एकटीच गेले होते. आधार, पॅन, जन्मदाखला, फोटो, सगळं फाइलला लावून. शिवाय बँकेच्याच वेबसाइटवरचं पान छापून नेलं होतं, दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः चालवता येतं असं त्यावर ठळक लिहिलंय. मॅडमनी ते पान एका बोटाने बाजूला सारलं. "ते साइटवर असतं गं. इथे सिस्टीम घेत नाही. बाबांना घेऊन ये."

म्हणून काल बाबांनी अर्धी रजा टाकली. महापेहून धावतपळत ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून ठाण्याला आले. आणि बाबा दिसल्याबरोबर काय जादू! त्याच टेबलाच्या मागून एक साहेब उगवले, खुर्ची ओढली, चहा सांगितला. खुर्ची एकच. मी उभी. "काय शिकते मुलगी?" हे बाबांना विचारलं, मी दोन फुटांवर असताना. मग ड्रॉवरमधून गुळगुळीत कागदाचं एक माहितीपत्रक निघालं. चाइल्ड प्लॅन. वर्षाला पन्नास हजार भरायचे. "मुलीच्या लग्नाचा काही विचार केलाय का, साहेब?"

माझ्या लग्नाचा! मी सतरा वर्षांची आहे आणि पाचशे रुपयांनी एक साधं खातं उघडायला आलेय! तो प्लॅन म्हणजे युलिप, विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र. त्यात पाच वर्षं पैसे अडकतात, हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारल्यावर "तसं नसतं बेटा" म्हणाले. तसंच असतं. पाच वर्षांचा लॉक-इन नियमातच आहे. आणि खात्याचं? "आज सर्व्हर स्लो आहे, दोन-चार दिवसांनी चक्कर मारा." बाबांची रजा काय झाडाला लागते?

हे पैसे माझे आहेत. लग्नसराईत आणि हरतालिकेला वर्तकनगरभर फिरून, पाठ मोडेपर्यंत बसून मेंदी काढून मिळवलेले. मुलांचं इतर उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात धरतात, पण स्वतःच्या कौशल्यावर कमावलेलं धरत नाहीत, एवढं आयकर खात्यालाही कळतं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा परिपत्रक काढून दहा वर्षांवरच्या मुलांना खातं स्वतः उघडू आणि चालवू द्यायची मुभा बँकांना दिली, १ जुलैपर्यंत आपापली धोरणं त्याप्रमाणे करा म्हणून सांगितलं. या बँकेने धोरण केलं, साइटवर टाकलं, आणि काउंटरवरच्या माणसाला सांगायचं राहिलं की काय?

आणि खात्यासाठी एवढा जीव का टाकतेय, तर त्याच्याशिवाय पुढचं काही हलत नाही. मला पाचशेची एसआयपी सुरू करायचीय, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम. फोलिओ, म्हणजे फंडातलं खातं, माझ्या नावावर, सही बाबांची, ठीक आहे, अजून सज्ञान नाही, मान्य. पण पैसे काढायची वेळ आली की ते माझ्याच खात्यात जमा होणार, शेअर बाजार आणि फंडांवर नजर ठेवणाऱ्या सेबीचा २०२३ पासूनचा नियम आहे. ते खातंच कुणी उघडून देत नाही! बरं, अठरा पूर्ण झाले की एसआयपी थांबणार, नव्याने केवायसी (ओळखीची कागदपत्रं), अल्पवयीन मुलांच्या पॅनवर फोटो-सही नसते म्हणून पॅनही बदलून घ्यायचं. म्हणजे हे सगळं अजून एकदा.

पण खर्च करायला? घोडबंदर रोडच्या मॉलमध्ये मेंदीचे सगळे पैसे एका दुपारी उडवले असते तर एकही माणूस "बाबांना घेऊन ये" म्हणाला नसता.

घरातलेही काही कमी नाहीत. भाऊबीजेची ओवाळणी दरवर्षी "दे इकडे, तुझ्याच नावावर ठेवते" म्हणून जाते, ती कुठे ठेवलीय हे विचारलं की आईला राग येतो. काका म्हणतात, "तुझं वय काय, आधी अभ्यास कर." आणि हेच काका दिवाळीला सगळ्यांसमोर सांगणार की आजकालच्या मुलांना बचतीची किंमत नाही!

कॉलेजात वर्गातल्या एकाने रील बघून ऑप्शन्सचा कोर्स घेतलाय, म्हणजे शेअरचे भाव वर जातील की खाली यावर पैसे लावायचे. सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के किरकोळ ट्रेडरांनी पैसे घालवले. कोर्स विकणाऱ्याने त्याचं वय विचारलं नाही, फी घेतली आणि त्याला टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतलं. आम्हाला बुडवायला सगळे चोवीस तास हजर असतात हो. पाचशे रुपये नीट ठेवायचे म्हटले की सर्व्हर स्लो!

आजी म्हणते पोस्टात जा, तिथे दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः खातं चालवता येतं, पाचशेत उघडतं, शंभरापासून आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव. जाईनही. पण त्या बँकेला सोडणार नाही. सोमवारी परिपत्रकाची प्रत घेऊन एकटीच जाणार आहे. नाही म्हणायचं असेल तर सही-शिक्क्यासह कागदावर द्या म्हणणार. नाही दिलं तर तिथेच बसून लेखी तक्रार देणार, पोच घेणार. तीस दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार जाते, तिला फीही लागत नाही.