जगबुडीची तारीख कशी काढावी

पंचांग नको, कुंडली नको. बायबल, पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर एवढं पुरे. फक्त बसण्याआधी मत्तयच्या शुभवर्तमानातल्या २४व्या अध्यायाचं छत्तिसावं वचन अंगठ्याखाली झाका. तिथे खुद्द येशू सांगतो, की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. समोरच्याने अंगठा बाजूला केलाच, तर शांतपणे विचारा: दिवस आणि घटका म्हटलंय ना? महिना, वर्ष ठाऊक नाही असं कुठे म्हटलंय? हसू नका. १९८८ साली ख्रिस्त आपल्या लोकांना उचलून नेणार, याची ८८ कारणं देणाऱ्या एका अमेरिकन माजी अभियंत्याने हाच मुद्दा मांडला होता, आणि त्याची पुस्तिका लाखोंनी खपली. वर्ष कोरडं गेल्यावर त्याने १९८९चा हिशेब काढला.

आता मुख्य अडचण. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला शिष्य येशूला यरुशलेमच्या मंदिराच्या इमारती दाखवतात. तो म्हणतो, इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. मग जैतुनांच्या डोंगरावर ते विचारतात, हे कधी होईल? एखादा साधाभोळा वाचक म्हणेल, प्रश्न त्या मंदिराचा, उत्तर त्या माणसांना, आणि सुमारे चाळीस वर्षांनी, इसवी सन ७० मध्ये, तीतसच्या रोमन फौजेने यरुशलेम घेऊन ते मंदिर जाळलं. वेढा पाहिलेल्या योसेफस या यहूदी इतिहासकाराने सगळं लिहून ठेवलंय. रोममधल्या तीतसच्या कमानीवर मंदिरातली सात फाट्यांची समई खांद्यावर घेऊन चाललेले सैनिक आजही दिसतात. असा वाचक तुमच्या सभेत नको. त्याचं ऐकलं तर निम्मा अध्याय इतिहासात जमा होतो, आणि इतिहासावर वर्गणी कोण देणार?

(चिरा म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण हे जांभ्याचे चिरे नव्हेत. मंदिराच्या चौथऱ्याच्या पश्चिम भिंतीत एक दगड साडेतेरा मीटर लांब आहे. ‘ती भिंत तर अजून उभी आहे!’ असं कोणी म्हणालं, तर ती मंदिराची नाही, चौथऱ्याची आहे. तिच्या पायथ्याशी वरून कोसळलेल्या दगडांचा ढीग अजून तसाच पडलाय. हे मात्र खरं आहे, त्यामुळे तुमच्या फार कामाचं नाही.)

काही वचनं तर भराभर वाचूनच पुढे सरका. यहूदीयात, म्हणजे यरुशलेमच्या आसपासच्या मुलखात, असलेल्यांनी डोंगरात पळावं. घराच्या धाब्यावर असलेल्याने सामान काढायला खाली उतरू नये. थंडीत किंवा शब्बाथाच्या (यहूद्यांच्या विश्रांतीच्या) दिवशी पळावं लागू नये म्हणून प्रार्थना करा. अख्खं विश्वच गुंडाळलं जाणार असेल, तर यहूदीयाच्या डोंगरात जाऊन काय वाचणार, आणि थंडी असली काय नि उन्हाळा असला काय? असा प्रश्न एखाद्या शेवटच्या बाकावरून येतोच. त्याला सांगा, तुझा विश्वास कमी पडतोय. हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला चालतं.

खरी कारागिरी चौतिसाव्या वचनात. ‘हे सर्व होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही.’ इथे पिढीला इलॅस्टिक लावायचं. त्याच्या जरा आधी येशू पालवी फुटणाऱ्या अंजिराचा दृष्टान्त देतो. ते अंजिराचं झाड म्हणजे इस्राएल, पालवी फुटली १९४८ साली, ते राष्ट्र झालं तेव्हा, पिढी चाळीस वर्षांची, म्हणून १९८८. ते गेलं? मग सुरुवात १९६७पासून धरा, यरुशलेमचा जुना भाग इस्राएलच्या ताब्यात आला तेव्हापासून. तेही गेलं? नव्वदावं स्तोत्र काढा. माणसाचं आयुष्य सत्तर, शक्ती असली तर ऐंशी. पुन्हा १९४८ला जा आणि ऐंशी मिळवा. बघा, अजून वेळ आहे.

आणि मंदिर? ते पुन्हा उभं राहिल्याशिवाय भविष्यात पडणार कसं? सध्या त्या जागी सातव्या शतकापासून मुसलमानांचा घुमट उभा आहे. म्हणून तिसरं मंदिर बांधून घ्या, मनातल्या मनात. २०२२ साली टेक्सासहून इस्राएलला पाच तांबड्या कालवडी नेल्या (मंदिरसेवेआधीच्या शुद्धीकरणाला तांबड्या कालवडीची राख लागते), तेव्हा अनेकांनी पेन्सिली नव्याने तासल्या. मंदिर पुन्हा बांधलं जाईल, असं येशू त्या अध्यायात एकदाही म्हणत नाही. सभेत कोणी अध्याय शेवटपर्यंत वाचत नाही, एवढ्यावर आपलं भागतं.

गणित अवघड वाटत असेल तर विल्यम मिलर या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन उपदेशकाकडून शिका. बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातल्या २३०० दिवसांची त्याने २३०० वर्षं केली, इसवी सनापूर्वी ४५७पासून मोजली, आणि १८४३ काढलं. नंतर ध्यानात आलं, की मधे शून्य नावाचं वर्षच नाही. झालं १८४४. शेवटी अनुयायांनी २२ ऑक्टोबर पक्की केली. (दिवस म्हणजे वर्ष हा नियम सोयीपुरताच लावा. योना माशाच्या पोटात तीन दिवस होता. तिथे लावलात तर माशाचे हाल.)

२०११ साली हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या वक्त्याने २१ मे जाहीर केली. न्यूयॉर्कमधल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याने आयुष्यभराची पुंजी, १ लाख ४० हजार डॉलर, त्याच्या जाहिरातींवर घातली. २१ मे गेली. कॅम्पिंगने २१ ऑक्टोबर दिली. तीही गेली. मग २०१२मध्ये त्याने पत्र लिहून चूक कबूल केली. या धंद्यात असं कधी करू नये. त्या कर्मचाऱ्याचे पैसे मात्र पत्रासोबत परत आले नाहीत.

मिलरच्या लोकांची एक गोष्ट सांगतात. न्यू हॅम्पशायरमधल्या एका शेतकऱ्याने, जगच संपणार म्हणून, बटाटे जमिनीतच ठेवले. १८४४ची ती बावीस ऑक्टोबर उलटली, रात्रभर माणसं रडली. त्या साली आधी काढलेले बटाटे रोगाने सडले. याचे उशिरा काढलेले टिकले आणि चांगल्या भावाने गेले. तेव्हा तारीख जाहीर करताना तेवढा बटाट्याचा हंगाम बघून करा.