मॉन्सेरातला एका दिवसात जाऊन येणं हा अपमान कसा?

नमस्कार. बार्सिलोनाहून सकाळी निघून मॉन्सेरातचा डोंगर आणि मठ बघून संध्याकाळी परत या, असं मी माझ्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की संन्याशांच्या जागी चार तासांत सेल्फी काढून उतरणं हा तीर्थाचा अपमान आहे. जेझुइट पंथाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने तिथे रात्रभर जागरण केलं. ज्यांना मुक्काम जमत नाही त्यांनी जाऊच नये.

हा निकाल मला पटत नाही. मठ बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमाने चालणाऱ्या ख्रिस्ती साधूंचा आहे आणि दारी आलेल्या पाहुण्याला साक्षात ख्रिस्त समजावं, हा या पंथाचा नियमच आहे. ओलिबा नावाच्या मठाधिपतीने १०२५च्या सुमारास मठ उभारला आणि पुढे यात्रेकरूंची रीघ लागली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तिथे एक पोथी लिहिली गेली, आज तिला 'लाल पोथी' म्हणतात. यात्रेकरूंना रात्री देवळात जागताना आणि दिवसा चौकात गायला-नाचायला हवं असतं, म्हणून जागेला शोभतील अशी गाणी देत आहोत, असं त्यात चक्क नमूद केलंय. गर्दी येणारच हे धरून तिच्यासाठी गाणी जमवणारे हे साधू मला फार आवडतात! दातेरी रुळांची रेल्वे १८९२ साली वर पोचली, केबलकार १९३० साली. दिवसभरासाठी येणारी माणसं काही इन्स्टाग्रामने आणलेली नाहीत.

बरं, 'प्राचीन वास्तूची विटंबना' म्हणाल, तर १८११-१२मध्ये नेपोलियनच्या सैन्याने मठ उद्ध्वस्त केला होता. आज दिसतं त्यातलं बरंचसं नंतरचं बांधकाम आहे. आणि हा मठ जगापासून तुटलेला कधीच नव्हता. १९७० साली बुर्गोस शहरात बास्क बंडखोरांवर चाललेल्या लष्करी खटल्याविरुद्ध सुमारे तीनशे लेखक-कलावंतांनी स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत इथेच स्वतःला कोंडून घेतलं होतं, त्यात चित्रकार मिरोही होता.

तुमचा राग एका ठिकाणी मात्र रास्त आहे. काळ्या मरियमची बाराव्या शतकातली लाकडी मूर्ती काचेआड आहे, फक्त उजव्या हातातला गोळा बाहेर ठेवलाय. लोक रांग लावतात, गोळ्यावर हात टेकवतात, दुसऱ्या हाताने फोटो काढतात आणि थेट गाडी गाठतात. एवढ्यासाठी जाणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही.

इग्नेशियसचं म्हणाल, तर १५२२ साली त्याने तीन दिवस खपून आयुष्यभराची पापं लिहून कबूल केली, रात्रभर जागला, तलवार तिथेच ठेवली आणि सकाळी जवळच्या मन्रेसा गावाकडे निघाला. त्याचाच सोबती फ्रान्सिस झेवियर पुढे गोव्यात आला. इतकी तयारी करणं आपल्याच्याने होणार नाही, हे मान्य. पण लेकीकडे बार्सिलोनाला आलेल्या सत्तरीच्या आईवडिलांना 'तीन दिवस काढा, नाहीतर राहू द्या' असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

ग्रीसमधल्या माउंट अॅथॉस या मठांच्या डोंगराबद्दल मी असं लिहिलं असतं, तर तुमचा आक्षेप बिनतोड ठरला असता. तिथे परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही, स्त्रियांना तर प्रवेशच नाही. मॉन्सेरातने दार उघडं ठेवलंय, ते आपण कशाला लोटायचं?

लेखात एक भर घालतो आहे: मठातल्या मुलांच्या गायकवृंदाचं गायन ऐकून झालं की लगेच उतरू नका. पाय धड असतील तर फ्युनिक्युलरने (दोरीने ओढल्या जाणाऱ्या डोंगरी गाडीने) वर जा आणि सान जेरोनी या शिखराची वाट धरा. शिखर १२३६ मीटरवर आहे, पाणी सोबत ठेवा आणि परतीच्या गाडीची वेळ आधी बघून घ्या.