आडनावातला ळ

गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसात परिपत्रक फिरलं. यापुढे प्रत्येकाच्या ईमेलखालची सही एकाच साच्यात, आधी हिंदी, मग इंग्रजी. सोबत सगळ्यांच्या तयार सह्यांची फाइल. आपापली उचला, चिकटवा आणि संध्याकाळपर्यंत कळवा.

साचा हवाच होता, हे आधीच सांगते. आमच्याकडे (पुण्यातलं केंद्र सरकारचं ऑफिस, एवढंच पुरे) कोणाची सही निळ्या तिरक्या अक्षरांत आणि खाली सुविचार, कोणाच्या सहीत तीन बोधचिन्हं, तर कोणाचं नुसतं नाव, पदाचा पत्ता नाही. चार मेल मागेपुढे झाले की प्रिंट काढावी तर मजकूर दोन ओळी आणि सह्या दीड पान. बरं, मेलच्या तळाशी काय असावं हा प्रश्न किरकोळही नाही. 2021 साली सुप्रीम कोर्टाच्या मेलखाली पंतप्रधानांचा फोटो आणि सरकारी घोषवाक्य जात होतं. कोर्टाने एनआयसीला (सरकारी मेल सांभाळणारी केंद्राची संस्था) ते काढायला लावलं आणि तिथे कोर्टाच्या इमारतीचं चित्र आलं.

तर मी फाइल उघडली. इंग्रजीत नाव बरोबर. हिंदीत, ‘काले’.

मी काळे. लग्नाआधी साळवी होते, म्हणजे ळ माझा पिच्छा सोडत नाही. खाली पाहिलं तर ‘कांबले’, ‘सालुंखे’, ‘वालिंबे’. अर्धा विभाग शिफ्ट न दाबता टाइप झालेला.

ऑफिसातलं हिंदीचं काम बघणाऱ्या राजभाषा कक्षात गेले. तिथले साहेब कानपूरचे, भला माणूस. म्हणाले, “मैडम, हिंदी में ‘ळ’ होता ही नहीं.” म्हटलं, सर, पण नाव हिंदी कुठे आहे? लिपी देवनागरी आहे, नाव माझं आहे. तुमच्या ‘काले’चा अर्थ काय होतो, ते तुम्हीच सांगा! ते हसले. त्यांच्या कीबोर्डवर इन्स्क्रिप्टची, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या सरकारी मांडणीची, अक्षरं होती. ‘ल’च्याच बटणावर, वरच्या बाजूला ‘ळ’. शिफ्ट धरून दाबून दाखवलं. “अरे, ये तो यहीं था!”

राजभाषा नियम 1976 मधला अकरावा नियम नामफलक, पत्रशीर्ष, लिफाफे हिंदी-इंग्रजीत हवेत म्हणतो. हिंदीच्या वापरासाठी त्या नियमांत राज्यांचे क, ख, ग असे गट आहेत आणि महाराष्ट्र ‘ख’ क्षेत्रात येतो, तेव्हा हिंदीला माझी हरकत असून चालणार नाही आणि नाहीही. पण माणसाचं आडनाव हिंदीच्या उच्चाराला बसवून घ्या, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

दुसरं दुखणं पदनामाचं. सहीत मी ‘अनुभाग अधिकारी’. राज्याच्या मंत्रालयात याच पदाला ‘कक्ष अधिकारी’ म्हणतात. परवा जुन्नरहून एका पेन्शनर आजोबांचा फोन. त्यांच्या मुलाने मेल वाचून दाखवला होता. “बाई, ते अनुभाग म्हंजी नेमकं कुठलं खातं?” आता काय सांगू? ऑफिसच्या दारावरच्या पाटीत मराठी सगळ्यात वर, मग हिंदी, मग इंग्रजी, कारण लोकांसाठीच्या पाटीला तोच क्रम सांगितलेला आहे. मेल मात्र थेट आजोबांच्या घरात जातो आणि त्यात मराठीची एक ओळ नाही. दिल्लीला जाणारे मेल दोन भाषांत जाऊ देत. पण राज्यातल्या माणसाला जाणाऱ्या मेलखाली तिसरी ओळ घातली तर सर्व्हर काही बसणार नाही. तसं लेखी दिलंय. उत्तर यायचंय.

नावांचं काम मात्र झटपट झालं. दुसऱ्याच दिवशी सुधारित फाइल आली. काळे, कांबळे, साळुंखे, वाळिंबे, सगळे जागेवर. साहेबांनी मनावरच घेतलेलं दिसतंय, कारण आमचे गोखले आता ‘गोखळे’ झालेत. ते सोमवारपर्यंत रजेवर आहेत.