मूल आपोआप खेळताना आढळल्यास

घरात अचानक शांतता पसरली आणि मूल कोपऱ्यात काहीतरी करत बसलेले दिसले, तर घाबरून जाऊ नका. आधी लांबूनच अंदाज घ्या. हातात कात्री, औषधाची बाटली, विजेची वायर असे काही असेल तर प्रश्न मिटला. तिथे काय करायचे हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण तसे काहीच नसेल, मूल नुसतेच एका मगातले पाणी दुसऱ्या मगात ओतत असेल, तोंडाने काहीतरी पुटपुटत असेल आणि तुमच्याकडे त्याचे लक्षही नसेल, तर मामला गंभीर आहे. ते खेळते आहे. आणि तुम्हाला न विचारता खेळते आहे.

यावर पहिला उपाय म्हणजे हाक मारणे. 'अरे वा, काय करतोय आमचा सोन्या?' एवढे पुरते. मूल दचकते, पाणी सांडते, पुटपुटणे थांबते. मग शेजारी बसून विचारावे, 'सांग बरं, या मगात पाणी जास्त आहे की त्या?' मूल उंच, अरुंद मगाकडे बोट दाखवेल. चूक! दोन्हींत सारखेच आहे हे त्याला समजावून सांगा. ओतून दाखवा. ते पुन्हा उंच मगाकडेच बोट दाखवेल. पुन्हा समजावा. साधारण सातव्या वर्षापर्यंत हे नेटाने चालू ठेवा, मग त्याला कळेल. श्रेय तुमचे.

झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हा पाण्याचा प्रयोग जगभर गाजवला, पण त्याचा पुढे काही उपयोग करून घेतलेला दिसत नाही. घरात स्वतःची तीन मुले होती. आयती! हा माणूस त्यांना खेळताना बघत बसला आणि वह्या भरत राहिला. वाढीचे टप्पे लवकर कसे गाठता येतील, असे अमेरिकेत त्याला हमखास विचारत. याला तो 'अमेरिकी प्रश्न' म्हणायचा आणि त्यात फारसा रस घ्यायचा नाही. आता त्या प्रश्नाला व्हिसा लागत नाही. तो प्रत्येक घरात राहतो, बहुधा आईबापांच्या मधोमध झोपतो.

तर खेळ मुलाच्या हाती राहू द्यायचा नाही, हे एकदा ठरले की पुढची पायरी म्हणजे खरेदी.

खेळणे घेताना ते आपले आपण काय काय करते हे नीट बघून घ्यावे. बटण दाबले की दिवा लागतो, गाणे वाजते, प्राणी ओरडतो, आकडे म्हटले जातात : उत्तम. खेळणे खेळत असते, मूल बघत असते, आणि कोणीच दमत नाही. खोक्यावर 'शैक्षणिक' लिहिलेले असावे. 'मेंदूचा विकास' लिहिले असेल तर आणखी चांगले, आणि शेजारी मेंदूचे रंगीत चित्र असेल तर किंमत विचारू नये. काळजी एकच घ्या. खेळणे बाहेर काढल्याबरोबर खोके नजरेआड करा. खोके दिसले की संपले. मूल त्यात बसते, ते डोक्यावर घेते, त्याची गाडी होते, गुहा होते, दुकान होते, आणि मेंदूचा विकास बिचारा एकटाच जमिनीवर गाणी म्हणत पडून राहतो. अमेरिकेत नॅशनल टॉय हॉल ऑफ फेम नावाचे खेळण्यांचे एक सन्मानदालन आहे. त्यात २००५ साली पुठ्ठ्याच्या खोक्याला आणि २००८ साली चक्क काठीला जागा मिळाली. काठीला! जिच्या खोक्यावर 'शैक्षणिक' छापायची सोय नाही, कारण तिला खोकेच नसते. आपल्याकडेही ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाने, बिया, दगड, शिंपले असल्या फुकटच्या गोष्टींवर बालशिक्षण उभे केले. त्यांच्याकडे कुपन कोड नव्हते, म्हणून समजून घ्यावे.

'माँटेसरी' हा शब्दही खोक्यावर पाहून घ्या. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधल्या एका गरीब वस्तीत बालगृह सुरू केले. तिथे चांगली खेळणी ठेवली होती, पण मुले त्यांना फारसा हात लावत नसत. त्यांना झाडायचे होते, पुसायचे होते, हात धुवायचे होते, मोठी माणसे करतात ती खरी कामे हवी होती. याचा तुम्ही योग्य तो अर्थ घ्या. तुमचे मूल कपड्यांच्या घड्या घालायला आले, तर त्याला आधी तिथून उठवा. तुम्हाला उशीर होतोय. मोज्यांच्या जोड्या लावायला बसले, तरी उठवा. मग जोड्या लावण्याचे लाकडी कार्ड मागवा. तेच बटणांचे. सकाळी मूल 'मी, मी' करत शर्टाची बटणे लावायला धडपडत असते, तेव्हा त्याचे हात बाजूला करून ती तुम्ही फटाफट लावा. संध्याकाळी त्याच्यापुढे बटणे, चेन आणि नाड्या ठोकलेली पाटी ठेवा आणि म्हणा, 'चला, आता आपण बटण लावायला शिकू या!' ही पाटी चांगली जड येते. ती कोणाला घालता येत नाही, हीच तिची खुबी.

आता ॲक्टिव्हिटीकडे वळू. खेळ आणि ॲक्टिव्हिटी यांत लोक गल्लत करतात. खेळाला तयारी लागत नाही, फोटो लागत नाही आणि तो कधी संपला हे मुलालाच ठाऊक असते. ॲक्टिव्हिटीला तास-दीड तास तयारी लागते, ती मूल पाच मिनिटे करते आणि ती संपवायची कधी हे ताटलीभर रंग जमिनीवर पडल्यावर ठरते. तयारी आदल्या रात्री मूल झोपल्यावर करावी. पाच रंगांच्या मातीचे गोळे पाच वाट्यांत इंद्रधनुष्याच्या क्रमाने मांडावेत. सकाळी मूल येईल आणि पहिल्या झटक्यात पाचही गोळे एकत्र मळून त्यांचा एक करडा-तपकिरी लगदा करेल. त्याच्या चेहऱ्यावर अशा वेळी एवढे समाधान दिसते की वाईट वाटते. रंग कसे मिसळतात हे त्याला नुकतेच कळलेले असते, पण ते आजच्या विषयात नव्हते. आजचा विषय 'वर्गीकरण' होता.

ही माती भिंतीला लागेल, सोफ्याच्या फटीत जाईल, तर चिडू नका. प्ले-डो नावाची जगप्रसिद्ध माती मुळात भिंतीच्या कागदावरची कोळशाची काजळी पुसण्यासाठी विकली जायची. पुढे घरे तापवायला कोळसा लागेनासा झाला, धंदा बसत चालला, आणि एका बालवाडीच्या शिक्षिकेला त्यात मुलांचा खेळ दिसला. १९५६ पासून ती खेळणे म्हणून बाजारात आली. भिंत पुसायची वस्तू मुलांच्या हाती दिली आणि तेव्हापासून आईबाप भिंती पुसत आहेत. हिशेब जुळला.

हस्तकलेत वस्तू ओळखू आली पाहिजे, हा पहिला नियम. मासा तर मासा. मुलाने कागदावर गरगर रेघा ओढल्या आणि 'हा वारा' असे सांगितले, तर त्याला काय अर्थ आहे? वारा नातेवाइकांना पाठवता येत नाही. तेव्हा माशाचा आकार तुम्ही काढा, तुम्ही कापा, खवले तुम्ही चिकटवा, आणि डोळ्याच्या जागी मुलाचे बोट रंगात बुडवून एकदा टेकवा. झाला 'माझा पहिला मासा'. असे वर्षभर केले की बोटांच्या सूक्ष्म स्नायूंचा विकास फार झपाट्याने होतो, कात्री सफाईदार चालते, हात थरथरत नाही. म्हणजे तुमचा. (फोटोत शक्यतो बाबाला बसवावे. आईने केले तर ते तिचे काम असते, बाबाने केले तर शंभर बदाम येतात. अन्याय आहे, पण आकडे आहेत.)

संगीताचे एका ओळीत सांगून टाकतो, कारण पाठीमागे मोझार्ट (जुना युरोपीय संगीतकार) लावून ठेवला की मूल हुशार होते, काम झाले, असे सगळेच म्हणतात. त्याचे मूळ १९९३ च्या 'नेचर' या विज्ञान-साप्ताहिकातल्या एका छोट्या लेखात आहे. त्यात ३६ कॉलेजकुमार-कुमारिका होत्या, आणि संगीत ऐकल्यावर आकृत्यांच्या कोड्यांत त्यांना मिळालेला फायदा दहा-पंधरा मिनिटे टिकला होता. तान्ह्या बाळाचा त्यात संबंध नव्हता. तरी १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका द्यायचा प्रस्ताव मांडला. ओळ एक म्हणालो होतो, लांबली. मूल डबे बडवत असेल तर मोझार्टचा आवाज वाढवा.

पुस्तक वाचून दाखवताना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जायचे असते, हे मुलाला लवकर कळलेले बरे. तुम्ही वाघाची गोष्ट वाचता आहात आणि मूल कोपऱ्यातल्या इवल्याशा मुंगीवर बोट ठेवून 'ही कुठे चालली?' विचारते आहे. थांबू नका. मुंगीवर गेलात की तिची आई कुठे आहे, ती काय आणायला गेली, तिला अंधारात दिसते का, असे करत तासभर नुसत्या गप्पा होतील आणि पुस्तक तसेच राहील. महिन्याला इतकी पुस्तके 'संपवली' असे सांगता आले पाहिजे. त्यात मुले तेच पुस्तक रोज मागतात, आणि वर दोन पाने हळूच उलटून पुढे जाण्याची सोयही ठेवत नाहीत. वाचता येत नसताना चोरी पकडतात. अशा वेळी 'अगं बाई, पाने चिकटली होती वाटतं' असे म्हणावे आणि मागे जावे. सगळ्यांनाच जावे लागते.

प्रश्नांचेही एक धोरण असू द्या. हा रंग कोणता, ही किती, हा प्राणी कोण : ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे तेवढेच विचारावे. मूल याच्या नेमके उलटे वागते. रात्री सावली कुठे जाते? उद्या केव्हा येणार, तर मग आज कुठे जाणार? आपण झोपतो तेव्हा घर काय करते? हे अभ्यासक्रमात नाही. 'मोठा झालास की कळेल' हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, आणि मोठे झाल्यावर कळले नाही अशी तक्रार घेऊन अजून तरी कोणी परत आलेले नाही.

दुसरी मुले घरी आली तर दोघांना समोरासमोर बसवून 'खेळा' अशी आज्ञा करा. दोन-अडीच वर्षांची मुले बहुधा एकमेकांकडे पाठ करून, तसल्याच ठोकळ्यांशी आपापले काहीतरी करत बसतात. याला समांतर खेळ म्हणतात, मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकी संशोधिकेने १९३२ मध्येच ते नोंदवून ठेवले आहे आणि त्या वयात ते अगदी ठाकठीक असते. पण पाहुण्यांसमोर बरे दिसत नाही. 'शेअर कर, शेअर कर' असे मोठ्या आवाजात म्हणत एकाच्या हातातला ठोकळा काढून दुसऱ्याला द्यावा. दोघेही रडतात, तेव्हा दोघांत काहीतरी समान असल्याचे पालकांना समाधान मिळते.

वेळापत्रक हवेच. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातले ३१ वे कलम मुलाला विश्रांतीचा, फुरसतीचा आणि खेळण्याचा हक्क देते, तेव्हा तो डावलून चालणार नाही. दुपारी ४.१० ते ४.२५ 'फुरसत' असे लिहून फ्रीजवर लावा. या पंधरा मिनिटांत मूल 'मला कंटाळा आला' असे म्हणाले तर लगेच उपाय करा, कारण कंटाळ्याला पाच मिनिटे दिली की ते उशा रचून किल्ला बांधायला घेते आणि मग ४.२५ ला उठत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसातून किमान १८० मिनिटे हालचाल करायला हवी. त्यांना हे कोणी वाचून दाखवलेले नसते, तरी सोफ्यावरून उड्या मारून ती आपला कोटा भरायला बघतात. त्यांना खाली उतरवून बसवा आणि हालचालीचा क्लास शोधा. त्याच मार्गदर्शनात असेही आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास. बारकाईने वाचा : हे सगळे मुलांसाठी आहे. पालकांच्या हातातल्या पडद्याबद्दल त्यात चकार शब्द नाही. ॲक्टिव्हिटी शोधायला तो लागतोच.

एवढे सगळे काटेकोर पाळूनही मूल एखाद्या दिवशी तुम्हाला नाटकात ओढेल. भूमिका तेच वाटून देते, तुम्हाला निवड नसते. पेशंट केले तर नशीब समजा. आडवे पडायला मिळते, डोळे मिटता येतात आणि मधूनमधून इंजेक्शन घेतले की डॉक्टर खूश. पण 'मी आई, तू बाळ' असे सुरू झाले तर सावरून बसा. मूल आधी तुमची चप्पल घालेल. मग एक आयताकृती ठोकळा शोधून आणेल, तळहातावर धरेल आणि मान खाली घालून त्यावर अंगठा वरखाली फिरवू लागेल. एक वस्तू दुसरीच आहे असे मानून चालणे, ही बुद्धीच्या वाढीतली फार मोठी उडी समजली जाते. नोंदवहीत 'प्रतीकात्मक विचार : उत्तम' असे लिहून ठेवा. नंतर बाळाच्या आवाजात हाक मारून बघा. 'एक मिनिट हं,' असे उत्तर येईल, मान वर न करता. थोडे थांबून परत हाक मारा. 'अरे हो, बघतेय ना मी! किती छान! तू खेळ बरं तुझं तुझं.'

वाद घालू नका. तुम्ही बाळ आहात, आणि आईचे महत्त्वाचे काम चालू आहे.