क्रोमियमचं कौतुक पुरे, ते दगडी चिलखत बघा

'चीनच्या पहिल्या सम्राटाच्या तलवारींना दोन हजार वर्षांपूर्वी गंज रोखणाऱ्या क्रोमियम धातूचा मुलामा होता' हा मेसेज या आठवड्यात मला तिसऱ्यांदा आला. कृपा करून पुढे पाठवू नका. चीनमधल्या शिआन शहराजवळ, या सम्राटाच्या थडग्यासाठी पुरलेल्या मातीच्या सैनिक-पुतळ्यांसोबत सापडलेली साडेचारशेच्या वर शस्त्रं आणि त्यांचे भाग संशोधकांनी तपासले, २०१९ मध्ये निष्कर्ष आला. शस्त्रांवर मिळालेलं क्रोमियम आलं होतं रोगणातून. पाती टिकली ती तिथल्या मातीमुळे आणि कांस्यातल्या भरपूर कथलामुळे.

मला वाईट याचं वाटतं की या खोट्या चमत्कारापायी खरी गोष्ट झाकली जाते.

हा पहिला सम्राट म्हणजे छिन शी ह्वांग. तो छिन राज्याचा नुसता राजा होता तेव्हाची, इ.स.पू. २२७ मधली हकिगत सिमा छिएन या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. जिंग के नावाचा मारेकरी नकाशाच्या गुंडाळीत खंजीर लपवून थेट राजासमोर पोचला. दरबारात कुणी हत्यार आणायचं नाही, असा कायदा. हत्यारबंद पहारेकरी होते, पण खाली पायऱ्यांपाशी, आणि हुकमाशिवाय एकानेही वर चढायचं नाही. राजा खांबाभोवती पळतोय, हुकूम द्यायला उसंत नाही, कमरेची तलवार इतकी लांब की म्यानातून निघेना. शेवटी राजवैद्याने हातातली औषधांची पिशवीच मारेकऱ्यावर भिरकावली. 'महाराज, तलवार पाठीवर घ्या!' असं कुणी ओरडलं, तेव्हा कुठे पातं बाहेर आलं. उत्तम शस्त्रं घेतलेले रक्षक चार पायऱ्या खाली उभे होते!

हाच माणूस इ.स.पू. २१० मध्ये गेला आणि मेल्यावरही पहारा सोबत घेऊन गेला. मातीचे सैनिक आपल्याला ठाऊक असतात. १९९८ मध्ये थडग्याच्या टेकडीजवळच्या एका खड्ड्यात जे मिळालं, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. तिथे चुनखडीच्या दगडाची चिलखतं होती. उकरलेल्या भागातच ऐंशीच्या वर चिलखतं आणि चाळीसच्या वर शिरस्त्राणं निघाली. मातीच्या सैनिकांची डोकी उघडी, म्हणून छिन राज्याच्या सैन्यात शिरस्त्राण नव्हतंच असं मानणारे अभ्यासक होते. तो प्रश्न या खड्ड्याने निकालात काढला.

जोडून उभं केलेलं एक चिलखत मी फोटोत मोठं करून बघत बसलो. ६१२ तुकडे, वजन सुमारे १८ किलो. प्रत्येक तुकडा घासून पातळ केलेला, त्याला बारीक भोकं, भोकांतून तांब्याच्या चपट्या पट्ट्या ओवून शेजारच्या तुकड्याशी बांधलेला. आपली शहाबादी फरशीही चुनखडीचीच. तिला कडेजवळ भोक पाडून बघितलंय कधी? मी घरी ड्रिलने पाडायला गेलो तर कोपरा तडकून हातात आला. त्यांनी हे काम हातहत्यारांनी केलं, एका चिलखतात हजारो वेळा.

आणि हे चिलखत लढाईत कवडीच्या उपयोगाचं नाही. एक घाव बसला की तुकडे. जिवंत रक्षक चामड्याचं किंवा धातूचं घालत. हे निव्वळ थडग्यासाठी, तरीही खांद्यावरची पट्टी वाकायला हवी तिथे वाकते. क्रोमियमच्या कुठल्याही दंतकथेपेक्षा मला ही कारागिरी मोठी वाटते, आणि तिच्यामागे राबलेली माणसंही.

पुढच्या वेळी कुणी तो तलवारीचा मेसेज पाठवला, तर उत्तरादाखल या चिलखताचा फोटो पाठवा. मोठा करून भोकं बघायला सांगा.