‘ट्रे ४०३.६ आला, दार बसत नाही’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. २ मिमी सीआरसीए पत्र्याच्या (कोल्ड रोल्ड माइल्ड स्टील) ट्रेची रुंदी ४०० मिमीऐवजी ४०३.६ आली, कडेची भोकं अंडाकृती झाली आणि ड्रॉइंग बरोबर असताना बेंडिंगमध्ये काम बिघडलं, असं तुम्ही लिहिलंत. मापं खरी आहेत, ट्रे वापरण्याजोगे नाहीत. फक्त मापाचा बिघाड बेंडिंगमध्ये नाही, कटिंग साइझमध्येच होता, आणि तो कापण्याआधी पकडायची जबाबदारी आमची होती.

ट्रेची बाहेरची मापं २०, ८०, ४००, ८०, २०, म्हणजे एकूण ६०० आणि चार बेंड. तुमच्या फाइलमध्ये आतली त्रिज्या १ आणि के-फॅक्टर (वाकताना न ताणला जाणारा थर आतून जाडीच्या किती भागावर आहे तो आकडा) ०.५ होता. त्या हिशोबाने एका बेंडची वजावट (बाहेरच्या मापांच्या बेरजेतून कमी करायचं माप) २.८६ येते आणि पत्रा ५८८.६ चा निघतो. पण एअर बेंडिंगमध्ये (पत्रा डायच्या तळाला न टेकवता वाकवतात) त्रिज्या ड्रॉइंग ठरवत नाही, डायचा व्ही, म्हणजे खाचेची रुंदी, ठरवते. माइल्ड स्टीलला ती व्हीच्या साधारण १६ टक्के येते. २ मिमीला आम्ही १६ चा व्ही लावतो, म्हणजे त्रिज्या अडीचच्या आसपास. के ०.४२ (× जाडी २ = ०.८४) धरून ९० अंशाला: १.५७ × (२.५ + ०.८४) = ५.२५. बाहेरच्या दोन कडा (प्रत्येकी त्रिज्या २.५ + जाडी २) मिळून ९, त्यातून हे वजा केलं की ३.७५. चार बेंडचे १५, म्हणून पत्रा ५८५ चा हवा होता.

जास्तीचे ३.६ सगळे मधल्या ४०० मध्येच का गेले? बॅक गेज (मशीनमागचा, पत्रा टेकवायचा थांबा) कडेवरून माप घेतो. त्यामुळे २० आणि ८० बरोबर येतात आणि उरलेली सगळी चूक शेवटच्या मापात साठते.

भोकांचं कारण वेगळं आहे. १६ च्या व्हीमध्ये बेंड लाइनच्या दोन्ही बाजूंना ८ मिमी पत्रा अधांतरी असतो. तुमच्या भोकांची कड लाइनपासून ४ मिमीवर होती, म्हणून ती ओढली गेली. कड ८ च्या पलीकडे न्या. जागा बदलता येत नसेल तर बेंडनंतर ड्रिल करू.

व्ही लहान केला तरी १ त्रिज्या मिळत नाही. १० च्या व्हीलाही ती १.६ येते, टनेज (वाकवायचा जोर) मात्र १.६ पट लागतं आणि पत्र्यावर डायचे वळ उठतात. एसएसला (स्टेनलेस स्टील) त्याच व्हीमध्ये त्रिज्या आणखी मोठी येते, स्प्रिंगबॅकही (वाकवल्यावर पत्रा थोडा परत उघडणं) जास्त, म्हणून एमएसचा (माइल्ड स्टीलचा) आकडा तिथे वापरू नका.

वजावटीचा खात्रीचा आकडा पट्टीवरूनच मिळतो. त्याच शीटमधून मोजून १०० मिमीची पट्टी कापायची, मधोमध ९० ला वाकवायची, दोन्ही पाय बाहेरून व्हर्नियरने मोजायचे. बेरीज १०३.७५ आली तर वजावट ३.७५. कोन आधी तपासा, ९१ अंशावर मोजलेली पट्टी फसवते.

सगळे ट्रे आमच्या पत्र्यात, आमच्या खर्चाने पुन्हा करतो. रबाळेच्या शॉपवर येताना दार घेऊन या. पहिला ट्रे त्यावर बसला की मगच बाकीचे वाकवू.