संपादक खासदार झाला, पण त्याचे जुने अग्रलेख कुठे आहेत?

एखाद्या मराठी संपादकाचं नाव राज्यसभेसाठी चर्चेत आलं, की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धुमश्चक्री सुरू होते. पुण्याचे मामा म्हणतात, लेखणी विकली. नाशिकची आत्येबहीण विचारते, मग टिळक काय राजकारणात नव्हते? लगेच विद्याधर गोखले, भारतकुमार राऊत, कुमार केतकर अशी नावं निघतात. कोण कुठल्या पक्षाकडून गेला यावरून तट पडतात आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. मी तोक्योत, साडेतीन तास पुढे. भांडण रंगात येतं तेव्हा मी झोपलेला असतो आणि सकाळी लोकलमध्ये उभ्या उभ्या सगळं वाचतो.

या वादात मला एका जपानी संपादकाची भर घालायची आहे. तानझान इशिबाशी. जन्म १८८४, वडील बौद्धांच्या निचिरेन पंथाचे भिक्षू, शिक्षण वासेदा विद्यापीठात तत्त्वज्ञानाचं. काही काळ 'तोक्यो माइनिची' या दैनिकात बातमीदारी केली आणि १९११ मध्ये 'तोयो केइझाई शिम्पो' या अर्थविषयक नियतकालिकात आला. पुढे त्याचा संपादक झाला आणि साठी ओलांडेपर्यंत तिथेच राहिला.

१९२१ च्या उन्हाळ्यात, वॉशिंग्टनच्या शस्त्रकपात परिषदेच्या तोंडावर, त्याने लिहिलं की कोरिया, तैवान, मांचुरिया सगळं सोडून द्यायची तयारी ठेवा. साम्राज्याची नशा चढलेल्या देशात हे लिहायचं म्हणजे छाती पाहिजे. पण मला त्याच्या धैर्यापेक्षा त्याची हिशेबाची वही जास्त आवडते. नीतीचे धडे देत बसण्याऐवजी त्याने आदल्या वर्षीचे व्यापाराचे आकडे मांडले. कोरिया, तैवान आणि क्वान्तुंग (चीनमधला जपानच्या ताब्यातला मुलूख) मिळून जपानचा व्यापार जेमतेम नव्वद कोटी येनचा. एकट्या अमेरिकेशी १४३ कोटी. आणि हिंदुस्थानशी, जिथे जपानची एक इंचही जमीन नव्हती, ५८ कोटींहून जास्त. मग वसाहती राखण्यासाठी फौज कशाला पोसायची?

हिंदुस्थानच्या त्या आकड्यापाशी मी थबकलो, कारण त्यातला मोठा वाटा कापसाचा. टाटांच्या साथीने निप्पॉन युसेन या जपानी जहाज कंपनीने १८९३ मध्ये मुंबई-कोबे बोटी सुरू केल्या, त्या कापसासाठीच. म्हणजे वऱ्हाडच्या शेतातून मुंबईच्या बंदरात आलेल्या गाठी तोक्योतल्या एका अग्रलेखात साम्राज्याविरुद्ध साक्षीला उभ्या होत्या. त्याच लेखांत तो म्हणतो की जपानने कोरिया-तैवानला मोकळं केलं, तर हिंदुस्थान, इजिप्त असे देशही आपापल्या मालकांकडे स्वातंत्र्य मागतील. १९०५ मध्ये जपानने रशियाला हरवलं तेव्हा आपल्याकडे केवढा आनंद झाला होता. त्या जपानची ही दुसरी बाजू आम्हाला शाळेत कुणी सांगितली नाही.

युद्धाच्या काळात तो काही तुरुंगात गेला नाही. कागद मोजून मिळे, सेन्सॉर डोक्यावर, शब्द जपून वापरावे लागत. पण अंक निघत राहिला आणि सैन्याच्या मर्जीतला संपादक नेमा हा दबाव त्याने मानला नाही. त्याचा एक मुलगा १९४४ मध्ये प्रशांत महासागरातल्या क्वाजालीन बेटावर लढाईत मारला गेला. त्याच वर्षी 'असाही' या दैनिकाचे एकेकाळचे मुख्य संपादक ताकेतोरा ओगाता मंत्रिमंडळात गेले आणि सेन्सॉरची सूत्रं हलवणाऱ्या माहिती खात्याचे प्रमुख झाले. मामांना हवा असलेला 'लेखणी विकणारा' शोधायचाच तर तिथे शोधता येईल. अर्थात ओगातांचीही बाजू असेलच.

तानझान राजकारणात आला तो युद्ध हरल्यावर. १९४६ ची निवडणूक हरला, तरी पंतप्रधान योशिदांनी त्याला अर्थमंत्री केलं. तिथली कामगिरी डोक्यावर घेऊन नाचावं अशी नव्हती. कारखाने चालू झाले पाहिजेत म्हणून त्याने पैसा सैल सोडला आणि आधीच भडकलेली महागाई आणखी भडकली. दुसरीकडे, जपानवर ताबा ठेवून असलेल्या अमेरिकन फौजांचा खर्च जपानच्या तिजोरीतून जात होता, तो कमी करा म्हणून तो त्यांच्याशी भिडला. १९४७ मध्ये त्यांनी त्याला सार्वजनिक जीवनातून हद्दपार केलं. कारण काय, तर त्याच्या नियतकालिकाने लष्करशाहीला साथ दिली! बंदी उठायला १९५१ उजाडलं.

डिसेंबर १९५६ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षपदासाठी मतदान झालं. दुसऱ्या फेरीत नोबुसुके किशींना २५१ मतं, तानझानला २५८. सात मतांनी तो पंतप्रधान झाला. ही सात मतं तत्त्वांवर मिळाली असं कुणी समजू नये. त्याच्या गोटाने एकेक मंत्रिपद अनेकांना कबूल करून ठेवलं होतं, त्यामुळे मंत्रिमंडळ जमवताना नाकी नऊ आले. आपल्याकडच्या कुठल्याही अधिवेशनात शोभली असती अशी घोडेबाजारी.

आणि मग जानेवारीच्या अखेरीस तो आजारी पडला. मेंदूला सौम्य झटका. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन महिने विश्रांती हवी. संसदेत अंदाजपत्रक पुढ्यात होतं. किशी हंगामी पंतप्रधान म्हणून काम रेटत होते. दोन महिने ढकलणं अवघड नव्हतं, राजीनामा द्या असा मोठा ओरडाही नव्हता. त्याने तरी फेब्रुवारीतच राजीनामा दिला. पंतप्रधानपद एकूण ६५ दिवस.

कारण पंचवीसहून जास्त वर्षं जुनं होतं. नोव्हेंबर १९३० मध्ये पंतप्रधान ओसाची हामागुची यांच्यावर तोक्यो स्टेशनात गोळी झाडली गेली. (त्याची खूण आजही स्टेशनच्या जमिनीत बसवलेली आहे, शेजारी पाटी आहे. सगळे तिच्यावरून बॅगा ओढत जातात, मीही.) जखमी हामागुची महिनोन्महिने पद धरून राहिले, तेव्हा तानझानने सडकून लिहिलं होतं की जो पंतप्रधान संसदेसमोर उभा राहू शकत नाही त्याने पायउतार व्हावं. १९५७ मध्ये तो स्वतः त्याच जागी आला आणि आपलाच लेख त्याने स्वतःला लावला.

म्हणून मला आमच्या ग्रुपवरचा वाद चुकीच्या ठिकाणी पेटतो असं वाटतं. संपादकाने राजकारणात जावं की नाही, हा प्रश्न मला फार गंभीर वाटत नाही. खुशाल जावं. पण त्याने पंधरा वर्षांपूर्वी पक्षांतराबद्दल, आणीबाणीबद्दल, मराठी शाळांबद्दल काय लिहिलं होतं, ते खासदार झाल्यावर त्याच्यासमोर कोण ठेवणार? तानझानचं समग्र लेखन पंधरा खंडांत छापलेलं आहे. आपल्याकडे नव्वदच्या दशकातला एखादा अग्रलेख हवा असेल, तर ग्रंथालयात जाऊन बांधीव फायलींची धूळ झटकावी लागते, आणि तीही मिळाली तर. आठवण पुसली की माणूस मोकळा.

जपानचं गुणगान करतोय असं वाटू नये म्हणून सांगतो. माझे शेजारचे सहकारी 'शिकिहो' घेतात. शेअर बाजारातल्या प्रत्येक कंपनीचा लेखाजोखा देणारं, विटेएवढं जाड, पातळ कागदाचं हे त्रैमासिक तोयो केइझाईच काढते आणि ते सुरू झालं १९३६ मध्ये, तानझानच्याच काळात. कॉफीच्या वेळी विचारलं तर त्यांना तानझानचं नाव शाळेत पाठ केलेल्या पंतप्रधानांच्या यादीपुरतं आठवलं. तेव्हाचे पंतप्रधान इशिबा यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेतल्या भाषणात त्याचा दाखला दिला, तेव्हा चार दिवस लेख आले. आणि त्याच्या जागी आलेल्या किशींचा नातू, शिन्झो आबे, हा देश सर्वांत जास्त काळ चालवून गेला. मतपेटीचा निकाल तानझानच्या बाजूचा नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मामांचं उत्तर आलं: "पासष्ट दिवसांत काय दिवे लावले तुझ्या संपादकाने?" मी लिहिलं की १९५९ मध्ये, आजारातून पुरता सावरला नसताना, पंतप्रधान किशींची नाराजी पत्करून तो पेकिंगला (आजचं बीजिंग) गेला, चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांच्याबरोबर संयुक्त निवेदन काढलं, आणि १९७२ मध्ये जपान-चीन संबंध जुळले त्याच्या पायाभरणीत तेही धरतात. मामा म्हणाले, म्हणजे पद सोडल्यावरच कामाचा ठरला, मग गेलाच कशाला? आत्येबहिणीने त्याखाली अंगठा ठेवलाय. हे दोघं एका बाजूला आलेले मी पहिल्यांदाच पाहतोय.